घरात फक्त इंग्रजी

२ नोव्हेंबर २०२५, रविवार

चार मिनिटं अकरा सेकंद. मी मोजत नाही, मोबाईलच सांगतो.

तेजस्वीचा फोन. दर रविवारी दुपारी चारला येतो, तेव्हा ग्लासगोमध्ये तिची सकाळ असते. "हाय पप्पा, हाऊ आर यू?" "आय अ‍ॅम फाईन. हाऊ इज द वेदर?" "कोल्ड." "वेअर स्वेटर." "यस पप्पा." मग तिची ड्यूटी, माझं ब्लड प्रेशर, टेक केअर, बाय.

मला विचारायचं होतं — पोरी, तिकडे तुझ्याशी कुणी दोन शब्द बोलतं का? याचं इंग्रजी मला येतं. व्याकरणही चुकणार नाही. पण ते मनात जुळवलं की वाटतं, कुणी तिसराच माणूस विचारतोय. मग राहून जातं. आजही राहिलं.

तिला मराठी येत नाही. चौथ्या वर्षी मीच बंद केली. तेव्हा अभिमान वाटला होता!

५ नोव्हेंबर

नकाशाला हात घातला एकदाचा. निवृत्त होऊन सहा वर्षं झाली, माझी बायको सखू जाऊन तीन. माणसानं काहीतरी करायला हवं. एकतीस वर्षं उल्हासनगरला कॅम्प चारच्या मराठी शाळेत भूगोल शिकवला, आता आपल्याच मुलखाचा नकाशा काढतोय — उल्हासनगर, अंबरनाथ, बदलापूर — डोंगर-नद्यांचा नाही, भाषांचा. चार ड्रॉइंग पेपर जोडून जेवणाच्या टेबलावर पसरलेत. मी ओट्यापाशी उभा राहून जेवतो. अडचण कुणाला? घरात आहे कोण!

कॅम्प एक ते पाच सिंधीला केशरी. अंबरनाथला फॅक्टरीमुळे आलेले तमिळ, मल्याळी, भोजपुरी — निळा, जांभळा, तपकिरी. बदलापुरात खरवई गावठाणाला हिरवा, तिथे आमची आगरी. गावठाणाला लागून आमच्या नव्या इमारती, तिथे सगळ्यांची खिचडी.

इंग्रजीला लाल ठेवला आणि अडलो. तो भरायचा कुठे? इंग्रजीला इथे एक गल्लीसुद्धा नाही. कुणाच्या आईची भाषा नाही. पण औषधाच्या पाकिटावर ती, सोसायटीच्या नोटिशीत ती, दूधवाल्याच्या तोंडी ती. शेवटी सगळ्या नकाशावर लाल पेन्सिलीने तिरप्या रेघा मारायला घेतल्या.

पुरा झाला की तेजस्वीला पाठवायचा. बघ म्हणावं, तू इथली.

८ नोव्हेंबर

लाल पेन्सिल संपली. रेघा अजून अंबरनाथपर्यंतच आल्यात.

१२ नोव्हेंबर

कॅम्प चारला जाऊन आलो, टेकचंदच्या स्टेशनरीच्या दुकानात. म्हातारा झाला तोही. ऐकू कमी येतं, पण ओळखलं लगेच. "आओ मास्तरजी! वो इंग्लिशवाला स्टिकर याद है? सबसे ज्यादा तुम टीचर लोग ले जाते थे."

याद कसा नसेल! जून १९९८. तेजस्वी ज्युनिअर केजीत गेली त्याच आठवड्यात मी तो आणला. लाल गोल, वर पांढरी अक्षरं — ओन्ली इंग्लिश प्लीज. स्वयंपाकघरातल्या लोखंडी कपाटावर चिकटवला आणि नियम सांगितला: या घरात आजपासून फक्त इंग्रजी. मराठीत विचारलं तर उत्तर मिळणार नाही.

पोर चार वर्षांची. "बाबा, चिऊ बघा!" म्हणायची आणि मी पेपर वाचत बसायचो. पुन्हा म्हणायची. मी पान उलटायचो. महिन्याभरात "पप्पा, सी बर्ड" आलं. तेव्हा उचलून घेतली. शिकवण्याची पद्धत म्हणून उत्तमच होती, निकाल शंभर टक्के!

सखू जेमतेम सातवी. तिनं त्याच दिवशी विचारलं होतं, "मंग मी काय करू?" मी म्हणालो, "तूही शिक." तिनं यस, नो, कम, ईट एवढं उचललं, आणि बाकीचं बोलणंच सोडलं.

टेकचंद म्हणाला, "साईं, मेरे घर में भी वही लगाया था. अभी पोता पूछता है, दादा, आप और दादी झगड़ा कर रहे हो क्या? अरे, हम तो सिंधी में बात कर रहे थे!" एवढं बोलून हसला आणि मग पेन्सिली शोधायला बराच वेळ पाठ करून उभा राहिला.

इंग्रजी गोऱ्यांच्या जहाजांतून आली, असं एकतीस वर्षं फळ्यावर लिहिलं. जहाजं मुंबईला थांबली. पुढे बदलापूरपर्यंत तिला कुणी आणली? टेकचंदनं विकली आणि मी चिकटवली.

१६ नोव्हेंबर, रविवार

पाच मिनिटं दोन सेकंद! कारण ती हसली.

सोसायटीची मीटिंग प्रीपोन झाली, असं मी सांगत होतो. "प्रीपोन! नोबडी सेज दॅट हिअर, पप्पा." हा शब्द म्हणे आपणच बनवला. पुढे ढकलण्याला पोस्टपोन होता, अलीकडे ओढायला काहीच नव्हतं, म्हणून आपल्या लोकांनी घरीच तयार केला. मिस कॉलचंही तसंच — मिस कॉल दे म्हटलं तर तिकडचा माणूस बघत राहील.

तिचंही इंग्रजी बदललंय. लहानशा गोष्टीला "वी" म्हणते, हो म्हणायला "आय". शब्दांची शेपटं गिळते. मी शिकवलेलं ते हे नव्हे. नदीचंही असंच — बदलापुरातली उल्हास आणि खाडीला मिळणारी उल्हास, नाव एक, पाणी वेगळं. फक्त आता तिचं निम्मं मला कळत नाही आणि पुन्हा सांग म्हणायची लाज वाटते. ज्या भाषेसाठी एवढा अट्टहास केला, तिच्यातही ती मला सोडून पुढे गेली.

पण हसली. दिवसभर बरं वाटलं.

१९ नोव्हेंबर

वाचनालयातून इंग्रजीच्या इतिहासावरचं पुस्तक आणलंय. एक गंमत कळली, लिहून ठेवतो. हजारेक वर्षांपूर्वी इंग्लंडवर नॉर्मन लोकांनी कबजा केला. नंतर जवळजवळ तीनशे वर्षं तिथल्या दरबारात फ्रेंच चालायची. साहेब फ्रेंच, कायदा फ्रेंच. इंग्रजी कुणाची? गुराख्यांची, मोलकरणींची, स्वयंपाकघरातल्या बायकांची. शिकलेल्याला ती बोलायची लाज वाटे.

आणि टिकली कुठे? तर तिथेच. बाया पोरांना जेवू घालताना बोलत राहिल्या.

शाळेत असतो तर उद्या वर्गात सांगितलं असतं. आता कुणाला सांगू? सखूच्या फोटोला सांगितलं. इंग्रजीत नाही, मराठीत. आता नियमाची भीती कुणाला!

२३ नोव्हेंबर, रविवार

तीन मिनिटं पन्नास. कोल्ड. स्वेटर. बाय.

२५ नोव्हेंबर, मंगळवार

आज जे झालं ते नीट लिहायला हवं.

नकाशातला हिरवा कोपरा भरायचा राहिला होता. थोडे आगरी शब्द टिपावेत म्हणून वही घेऊन गावठाणात गोजरबाईकडे गेलो. सखूची थोरली बहीण. सखू गेल्यापासून तिच्याकडे जाणं कमीच. ती ओटीवर सुकट निवडत बसली होती. शब्द राहिले बाजूला, मीच रडगाणं सुरू केलं — तेजस्वीशी बोलता येत नाही, तिला मराठीचा गंध नाही, चार मिनिटांत फोन संपतो.

गोजरबाई हातातली सुकट टाकून माझ्याकडे बघत राहिली. "मास्तर, तुना कोनी सांगला तिला येत नाय?"

"मला माहीत नाही होय? मीच बंद केली ना!"

"तू बंद केलास? आरं, दर बुधवारी ती मना फोन करतं. अर्दा-अर्दा तास बोलतं. आपल्या बोलीन!"

माझा विश्वास बसला नाही. तेव्हा तिनं मोबाईल काढला, डोळ्याजवळ धरला आणि एक आवाज-संदेश लावला.

माझ्या पोरीचा आवाज. पण मी हा आवाज कधी ऐकलेलाच नव्हता. मोकळा, भरभर, मध्येच खिदळणारा. "मावशे, आज इकरं बरफ पडला. मी आयसारका बोंबलाचा कालवन केलता. शेजारीन नाक दाबून धावली गो!" एकही शब्द अडला नाही. माझ्या आईसारखी बोलत होती. सखूसारखी बोलत होती.

मी तिचा पप्पा. त्या संदेशात पुढे "बाबा" होता — "बाबाची गोली चालू हाय ना? बग जरा जाऊन."

आणि शेवटी: "मी डिसेंबरान येतंय. पन तुजेकडंच उतरनार. त्या घरान मना जायाचा नाय. बाबाला मीच सांगन."

गोजरबाईनं घाईनं बंद केला. शेवटचं ऐकवायचं नव्हतं तिला. "मी आयकवला असा सांगू नको रं तिला," म्हणाली. मी वही तिथेच विसरून आलो.

२६ नोव्हेंबर

वही आणायला पुन्हा गेलो. खरं म्हणजे विचारायला गेलो. केव्हा? कसं?

"तू साळंन गेलास का दोगी बोलाच्या," ती म्हणाली. "सखू भाकऱ्या थापी, पोर बाजूला बसं. दुपारभर चालू. तुजी स्कूटर वलनावं वाजली का गप."

स्कूटर वळणावर वाजली की गप.

मला तो शांतपणा आठवतो. रोज साडेपाचला दार उघडायचं. सखू ओट्याशी पाठमोरी, पोर पुस्तकात डोकं घालून. मी चपला काढायचो आणि मनात म्हणायचो, घर कसं शिस्तीत आहे! शेजाऱ्यांच्या घरून किती कालवा ऐकू येतो, आपल्याकडे बघा.

चौदा वर्षं, तेजस्वी शिकायला पुण्याला जाईपर्यंत, मी रोज बोलतं घर बंद करून आत शिरत होतो. आणि तीनशे वर्षं स्वयंपाकघरात टिकलेल्या भाषेचं कौतुक मी पुस्तकात वाचत बसलोय. माझ्या स्वयंपाकघरात मी कधी डोकावलोच नाही.

२७ नोव्हेंबर

झोप नाही, जेवण नाही. एक गोष्ट डोक्यातून जात नाही. लिहिली तर कदाचित जाईल.

तीन वर्षांपूर्वी, सखूचा दवाखान्यातला शेवटचा दिवस. तेजस्वीला विमान मिळत नव्हतं. मी व्हिडिओ कॉल लावून मोबाईल सखूच्या तोंडासमोर धरून उभा राहिलो. सखू बराच वेळ माझ्याकडे बघत होती. मग मोबाईलकडे बघून म्हणाली, "गुड गर्ल. ईट. गुड गर्ल." तिकडून तेजस्वी, "यस मम्मी. आय लव्ह यू मम्मी." संपलं. तासाभरात सखू गेली.

तेव्हाच्या रोजनिशीत मी काय लिहिलंय? काढून बघितलं — "शेवटी सखू इंग्रजी बोलली. फार भरून आलं."

ती माझ्याकडे का बघत होती, ते काल गोजरबाईनं सांगितलं. तीही होती त्या खोलीत. "तू भाईर जाशील, चा-पानी घ्याला जाशील, म्हनून वाट बगत व्हती रं. तू हाललासच नाय."

मी हललो नाही. हात दुखला तरी मोबाईल धरून उभा होतो. मला वाटलं, आपण केवढं करतोय!

पोर या घरात कशाला उतरेल?

३० नोव्हेंबर, रविवार

चार मिनिटं. सगळं ठरवून बसलो होतो. फोन आल्यावर तोंडातून "फाईन" गेलं. तिनंही येण्याचं काही सांगितलं नाही.

भ्याड माणूस!

२ डिसेंबर

आगरीत बोलायचं ठरवलं, तर मलाच येईना. आरशासमोर उभा राहिलो. "मी बोलतो" एवढंच येतं, ते "बोलतंय" होतच नाही. जीभ शाळामास्तर झालीय.

१९८४ साली बी.एड.ला पहिला सराव पाठ दिला. विषय पर्जन्यमान. मी "पानी" म्हणालो आणि मागचा बाक हसला. मग "डोंगरान" म्हणालो आणि सगळा वर्ग हसला. निरीक्षकांनी शेरा दिला — उच्चार गावंढळ, सुधारणा आवश्यक. मी सुधारणा केली. खोलीत दार लावून वर्तमानपत्र मोठ्यानं वाचायचो. दोन वर्षांत असा काही सुधारलो, की घरी आईशी बोललो की ती म्हणायची, "कोन पावना आयलाय?"

मग इंग्रजीवाल्यांनी हसू नये म्हणून पोरीला त्याच्याही पुढे ढकललं. लोक मला हसले त्याची शिक्षा माझ्या घरच्या दोन बायकांनी भोगली. त्यातली एक आता माफ करायलाही नाही.

४ डिसेंबर

स्टिकर खरवडला. घर बदललं तेव्हा कपाटाबरोबर तोही इकडे आलेला. सत्तावीस वर्षांचा डिंक, गरम पाणी, खोबरेल, सुरी — सगळं लागलं. गोल पांढरा डाग राहिलाच.

सखूची खोली झाडली. गादी उन्हात टाकली. नकाशा गुंडाळून माळ्यावर ठेवला. लाल रेघा आता बघवत नाहीत.

५ डिसेंबर

गोजरबाईकडे शिकवणी! ती वाक्य सांगते, मी म्हणतो. मी चुकलो की ती पदर तोंडाला लावून हसते. पण उत्तर देते. दर वेळी देते.

७ डिसेंबर, रविवार

चारला फोन. "हाय पप्पा, हाऊ आर यू?"

कागदावर लिहून ठेवलं होतं. चष्म्यावर धुकं आलं, कागद दिसेना. तसाच बोललो.

"तेजू, मी बाबा बोलतंय. येशील तवा घराच ये गो. आयची खोली झारून ठेवलीय. मी चुकलू. तुमाना दोगींना मी बोलू नाय दिला."

पलीकडे तिचा श्वास ऐकू येत होता. मागे कुठेतरी किटली वाजत होती.

मग फोन कट.

एक मिनिट सहा सेकंद.

८ डिसेंबर

काही नाही. मी फोन करावा का? नको. मराठीत विचारलं की उत्तर मिळत नाही, हा नियम माझाच. चार वर्षांच्या पोरीनं महिनाभर सोसला. मला एक दिवस जड जातोय.

९ डिसेंबर

काही नाही. मोबाईल चार्जिंगला लावूनच ठेवलाय.

१० डिसेंबर, बुधवार

सकाळी चहा ठेवला होता, तेव्हा आला. तेजस्वीचा आवाज-संदेश, माझ्या नंबरवर, पहिल्यांदाच. सव्वीस मिनिटांचा.

"बाबा, मी एकोनीस तारकंला येतंय. घराच येनार, आयचे खोलीन निजनार. पन आदी मी बोलतंय ता सगला आयकून घे. मधी बोलू नको. न् माज्या चुका काढू नको."

इथवर ऐकून थांबवलाय. गॅस बंद केला. ओट्यापाशी खुर्ची ओढून घेतली. आता पुढचं ऐकतो.